माळावरच्या खोकडांचं दुखणं

हिंगोलीत पहिल्यांदा भाड्याचं घर शोधत होते तेव्हा एका घरमालकीणबाईंनी विचारलं, "काय करता तुम्ही?" मी खरं ते सांगितलं. रानातल्या जनावरांची विष्ठा गोळा करते, मेलेलं जनावर सापडलं तर त्याच्या कानाचा तुकडा कापून आणते आणि बर्फात ठेवते. घर मिळालं नाही. दुसऱ्या ठिकाणी "जनावरांची डॉक्टर आहे" एवढ्यावर थांबले. घर मिळालं, आणि घराबरोबर मालकांची म्हैस, शेजाऱ्यांचे बोकड आणि गल्लीतल्या सगळ्या कोंबड्याही माझ्या गळ्यात पडल्या. तेव्हापासून ओळख करून देताना मी बेताचंच बोलते. इथे मात्र संपादकांनी सविस्तर लिहायला सांगितलं आहे, तेव्हा वाचकांनी नाकाला पदर लावायचा असेल तर आत्ताच लावावा.

मी शिक्षणाने पशुवैद्यक, पण बरीच वर्षं माझं काम खोकडांवर चाललं आहे. खोकड म्हणजे कोल्हा नव्हे. कोल्हा मोठा, उसाच्या कडेनं हिंडणारा. खोकड मांजरापेक्षा थोडंसं मोठं, राखाडी, बारीक पायांचं, शेपटीचं टोक काळं. उघड्या माळावर बिळं करून राहतं. उंदीर, टोळ, वाळवी, बोरं, जे मिळेल ते खातं. शेतकऱ्याचं त्यानं फारसं वाईट केलेलं मी पाहिलेलं नाही. उंदीर खाऊन भलंच करतं, पण त्याबद्दल त्याचे कोणी आभार मानत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. माळावर रोग आला की काही खोकडं मरतात आणि काही त्याच रोगातून उठून चालायला लागतात. असं का? नशीब, वय, खाणंपिणं हे सगळं त्यात आहेच. पण एक कारण रक्तातही असतं. आईबापांकडून जी जनुकं येतात, म्हणजे शरीर घडवण्याच्या ज्या सूचना येतात, त्यातल्या काहींचं काम शरीरात शिरलेला जंतू ओळखून पकडून देणं हे असतं. या जनुकांचे पुष्कळ प्रकार असतात. एका प्रकाराला एक जंतू सापडतो, दुसऱ्याला दुसरा. म्हणून एखाद्या माळावरच्या खोकडांमध्ये असे प्रकार जितके जास्त, तितकी एखाद्या साथीतून निदान थोडी तरी वाचण्याची शक्यता जास्त. मी विष्ठा, केस, रक्त गोळा करून प्रयोगशाळेत पाठवते आणि कुठल्या माळावर किती प्रकार शिल्लक आहेत ते पाहते. परवानग्या वनखात्याच्या, पाय माझे.

पुसेगावच्या पलीकडे एका बंजारा तांड्याच्या वरच्या अंगाला एक लहानसा माळ आहे. एका बाजूला डांबरी रस्ता, बाकी तिन्ही बाजूंनी सोयाबीन, हळद आणि हरभरा. तिन्हीकडून शेतं सरकत आली आणि माळ मध्ये अडकला. तिथल्या खोकडांचे नमुने मी आदल्या वर्षी घेतले होते. अहवाल पाहून आनंद व्हावा असं त्यात काही नव्हतं. जवळजवळ सगळी एकमेकांची सख्खी-चुलत. रोग ओळखणारे प्रकार तेच ते. फक्त एक मादी वेगळी निघाली. डाव्या कानाला चीर असलेली. तिच्याकडे बाकी कोणाकडे नव्हते असे दोन प्रकार होते. ती कुठून तरी रस्ता ओलांडून आली असणार. मी तिला ‘चिरकानी’ म्हणू लागले. प्रयोगशाळेतल्या मुलींना हे नाव आवडलं नाही. त्यांना क्रमांक आवडतात.

हरभरा फुलावर आला होता तेव्हा वनरक्षकाचा फोन आला. "मॅडम, तांड्यात खोकड पिसाळलं. लोकायनी मारलं. एका लेकराला लागलंय. आन् आता ते सगळ्या बिळायवर विष टाकतो म्हणून राहिले."

मी निघाले. 

तांड्यावर पोचले तेव्हा देवळासमोर माणसं जमलेली. खोकड काठ्यादगडांनी मारून एका पोत्याखाली टाकलेलं. तांड्याचे नायक देविदास, साठीच्या आसपासचे, पांढरं धोतर, आवाज कमी आणि वजन जास्त. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. भांडण असो की सोयरीक, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला पोतं दाखवायला हात केला. मी म्हटलं, "आधी लेकरू."

सात-आठ वर्षांची पोरगी होती, सकरीबाईची नात. सकरीबाई म्हणजे शेळ्या राखणारी म्हातारी, तांड्यातलं सगळ्यात मोठं तोंड. पोरीच्या नडगीवर ओरखडा होता. त्यावर हळद भरलेली.

"धुतलं का?"

"हळद लावली ना," सकरीबाई म्हणाली. "घरची हाय. भेसळ न्हाई."

"हळद चांगली आहे, याडी, पण ती भाजीत. साबण आणा."

गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, याडी म्हणजे आई. म्हातारीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि साबण आणला. वाहत्या पाण्याखाली जखम धुऊन घेतली आणि पोरीला तिच्या बापाबरोबर मोटारसायकलवर सेनगावच्या दवाखान्यात पाठवलं. इंजेक्शनं पूर्ण घ्यायची, मधलं एकही चुकवायचं नाही, हे बापाकडून दोनदा वदवून घेतलं. खोकडाचा अहवाल काहीही येवो, यात वाट बघायची नसते. रेबीज झाल्यावर उपाय नाही आणि होण्याआधी आहे. एवढं तरी या लेखातून कोणाच्या लक्षात राहिलं तर माझं लिहिणं फुकट गेलं नाही.

मग पोतं उचललं. नाकाला वाळलेला शेंबूड, डोळ्यांत चिपडं, पंजांचे तळवे टणक झालेले. मारण्याआधी ते कसं वागत होतं ते विचारलं. गोल फिरत होतं, जबडा सारखा चावल्यासारखा हलवत होतं, माणसाला भीत नव्हतं. हे सगळं पिसाळल्यावर होतं, आणि कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर नावाच्या एका रोगातही होतं. नुसतं बघून सांगता येत नाही. हातमोजे चढवून मी नमुने घेतले, डोकं बर्फाच्या डब्यात ठेवलं. बघ्यांपैकी निम्मे इथे घरी गेले.

उरलेल्यांतल्या एकानं कोपऱ्यातली बादली दाखवली. कोंबडीची आतडी आणि त्यात शेतातलं दाणेदार विष कालवलेलं. "सकाळी टाकतो बिळायपाशी. एकदाचं खतम."

वनरक्षकानं कायदा काढला. संरक्षित प्राणी, गुन्हा, शिक्षा. तो बरोबर होता, पण त्यानं वातावरण बिघडलं. "घाला ना केस," तो माणूस म्हणाला. "लेकरू तुमचं हाय का?"

मी नायकांना म्हटलं, "अहवाल येईपर्यंत थांबा. पिसाळलेलं निघालं तर काय करायचं ते मीच येऊन सांगते. पण विष कोणालाही ओळखत नाही. तुमच्या शेळ्या तिकडंच चरतात, मोर तिकडंच येतात."

"रिपोर्ट काय येईन?"

"मला माहीत नाही."

त्यांना हे उत्तर आवडलं असावं. निदान खोटा धीर दिला नाही म्हणून. "बराबर," ते म्हणाले. "रिपोर्टपर्यंत बादली माझ्या घरी राहीन."

दुसऱ्या दिवशी मी माळावर गेले. वाईट दिसलं. दोन बिळांच्या तोंडाशी मेलेली खोकडं, एक ओढ्याच्या काठी. बोरीच्या झुडपाआड एक नर बसलेला, नाक वाहत असलेला, पण उठून पळण्याइतकी ताकद असलेला. आणि लांब, टेकाडावर, चिरकानी. दुर्बिणीतून पाहिली. नाक कोरडं, चाल सरळ. माझ्याकडे पाहून तिनं पाठ फिरवली, जे निरोगी खोकडानं करायलाच हवं. विषाची बादली माळावर गेली असती तर मरायची राहिलेली हीच दोन आधी मेली असती, कारण खायला तीच उठत होती.

ओढ्याकडे उतरताना मला जुनी हाडं दिसली. गाईबैलांची, शेळ्यांची, आणि त्यात लहान कवट्या. कुत्र्यांच्या पिल्लांच्या.

तांड्यावर परत येऊन मी सकरीबाईच्या ओट्यावर बसले. तिनं काळा चहा दिला.

"याडी, ओढ्यावर कुत्र्याची पिल्लं कोणी टाकली?"

"मीच टाकली. मोत्याच्या मायनं यंदा घातली होती. सगळी मेली. नुसता मोत्या राहिला."

"कशानं मेली?"

"नाक गळून राहिलं होतं. मंग थरथर. तोंड असं असं करायचे." तिनं जबडा चावल्यासारखा हलवून दाखवला. मग स्वतःच म्हणाली, "त्या खोकडावानी."

"कधी मेली?"

"हरभरा पेरायच्या वख्ताला."

म्हणजे खोकडं मरायच्या आधी. तांड्यानं खोकडांना रोग दिला होता, खोकडांनी तांड्याला नव्हे. आणि तो निष्काळजीपणातून दिला नव्हता. तांडा अतिशय स्वच्छ. मेलेलं काहीही घराजवळ ठेवायचं नाही, लांब माळावर नेऊन टाकायचं, माळ त्याची विल्हेवाट लावतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बहुतेक गावांची तीच आहे. पूर्वी माळ मोठा होता आणि गिधाडं होती. आता माळ एवढासा, आणि ढोराच्या मढ्यावर तांड्याची कुत्री आणि माळावरची खोकडं एकाच ताटात जेवतात. दरवर्षी कुत्र्यांची पिल्लं जन्मतात, दरवर्षी रोगाला नवं घर मिळतं.

मी एवढंच म्हटलं, "तुम्ही स्वच्छतेसाठी केलं."

"व्हय," ती म्हणाली. "पर करून बसलो ना."

अहवाल आला. रेबीज नाही. डिस्टेंपर. हा माणसाला होत नाही. मी तो घेऊन तांड्यावर गेले. देवळासमोर परत माणसं जमली. पोरगी नडगी दाखवत सगळ्यांमधून फिरत होती, तिचं इंजेक्शनांचं भय गेलेलं आणि भाव वाढलेला.

मी अहवाल सांगितला. मला वाटलं, संपलं. पण तो बादलीवाला म्हणाला, "रोग तर हाय ना? कुत्र्यायला होतो ना? मंग कुत्रे वाचवायचे तर खोकडं खतम केलेली बरी."

"ठीक आहे," मी म्हटलं. "पण रोग ज्यांच्याकडून आला त्यांना आधी. मग विष आधी कुत्र्यांना घालू. मोत्यापासून सुरू करू."

सकरीबाई उभीच राहिली. "मोत्याला हात लावून बघ रे! तुह्याच ताटात टाकते ते औषध."

लोक हसले. बादलीवालाही हसला, जरा उशिरानं. पण नायक हसले नाहीत. "मॅडम, मजाक ठीक हाय. पर खोकडायसाठी तुमी येवढी तकलीफ काहून घेऊन राहिल्या? मरनारे मरतीन, राहनारे राहतीन."

ही विचारण्यासारखी गोष्ट होती. मी शेजारच्या ओट्यावर बसलेल्या एका बाईकडून चाळण्या मागवल्या. पिठाची, रव्याची आणि ज्वारीची. "रोग ओळखायला शरीराकडे अशा चाळण्या असतात. एकीत एक जंतू अडकतो, दुसरीत दुसरा. या माळावरच्या सगळ्या खोकडांकडे जवळजवळ एकच चाळणी आहे. तिच्यातून निसटणारा एक जंतू आला आणि जवळजवळ सगळी मेली."

"सगळ्यायकडं एकच काहून?" एका सुनेनं विचारलं.

"बाहेरचं कोणी येत नाही. रस्ता, शेतं. आपसातच जोड्या लागतात."

सकरीबाईनं कपाळाला हात लावला. "एका गोताच्यात? छी! आमच्यात तर नायक बसू बी देत न्हाई अशा सोयरिकीला." मग तिनं नायकांकडे पाहून विचारलं, "खोकडायला नायक न्हाई व्हय?"

या वेळी नायक हसले. मी संधी सोडली नाही. "एक मादी आहे. बाहेरून आलेली. तिच्याकडे वेगळ्या चाळण्या आहेत. इतक्या साथीत ती उभी आहे. चाळणीमुळेच वाचली असं मी छातीठोक सांगणार नाही, एकीवरून काही सिद्ध होत नाही. पण तिला पिल्लं झाली तर या माळावर नवं रक्त येईल. विष घातलं तर तीच मरेल."

 नायक उठून घरात गेले, बादली आणली आणि लांब खड्डा खणून, चुना टाकून, ती सगळ्यांसमोर पुरायला लावली. "आजपासून मेलेलं जनावर माळावर टाकायचं न्हाई. खड्डा करायचा. लहान पिल्लू असो की बैल." एवढंच बोलले. तांड्यात एवढं पुरतं.

राहिली कुत्री. खोकडांनाच लस का देत नाही, असं मला शहरातले लोक नेहमी विचारतात. कुत्र्याची लस खोकडाला सोसेल याची खात्री नाही आणि आजारी खोकड पकडण्याच्या धसक्यानंच मरू शकतं. रोगाचं कोठार कुत्र्यांत आहे, तिथेच कुलूप लावायचं. पण कुत्र्यांना टोचायला गेले तर तांड्यात एकही कुत्रं कोणाचं निघेना.

"हे कुणाचं?"

"कुनाचंच न्हाई. असंच फिरते."

"तुमच्या दारात झोपलंय."

"झोपते. त्याला कोन अडवते?"

त्यांना वाटत होतं, मालकी कबूल केली की उद्या त्यावरून काहीतरी मागे लागेल. मग मी प्रश्न बदलला. "याला भाकर कोण टाकतं?" लगेच चार बाया पुढे झाल्या आणि जास्त भाकर कोण टाकतं यावरून भांडू लागल्या. भाकर टाकणारीनं कुत्रं धरायचं, असा नियम केला. मी अर्ध्या आयुष्यात पाहिले नव्हते इतके आज्ञाधारक कुत्रे मी त्या दिवशी पाहिले. फक्त मोत्यानं माझ्या मनगटाला दात लावले. सकरीबाई म्हणाली, "विषाचं बोललात ना, ते त्याला कळलं." लसीच्या दुसऱ्या फेरीलाही सगळी कुत्री हजर होती.

माळावर मात्र आम्ही उशिरा पोचलो होतो. साथ ओसरली तेव्हा चिरकानी आणि तो बोरीआडचा नर, एवढंच मला दिसलं. आणखी कुठे एखादं असेल, पण मी माळावर लावलेल्या कॅमेऱ्यात आलं नाही. अशा वेळी मन खट्टू होतं. होऊ द्यावं, आणि कॅमेऱ्याचे सेल बदलावेत.

ऊन तापायला लागलं तेव्हा नायकांचा फोन आला. "मॅडम, रस्त्यावर गाडीखाली एक खोकड गेलं. आमी हात न्हाई लावला. घमेलं झाकून वर दगड ठेवलेत. लवकर या, ऊन व्हायलंय."

घमेलं उचललं. डाव्या कानाला चीर होती.

मी काम केलं. नमुने घेतले, लांबी मोजली, पोट तपासलं. आचळं ओढलेली होती, दूध होतं, पण थोडंच. म्हणजे पिल्लं होती आणि दुधावरून उतरायच्या बेतात होती.

"मंग बकरीचं दूध नेऊन ठेवते बिळापाशी," सकरीबाई म्हणाली.

"नको. माणसाच्या वासानं बीळ उघडं पडतं. बाप आहे, तो उंदीर आणेल. खोकडांत बापही पिल्लं पोसतो. आणेल की नाही ते मात्र आपल्या हातात नाही."

"मंग आपल्या हातात काय हाय?"

"कुत्री."

माळावर आई नसलेली पिल्लं आणि मोकाट कुत्री, याचा शेवट काय होतो ते मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. नायकांनी एकदाच विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "पिल्लं स्वतः पळायला लागेपर्यंत." ज्या कुत्र्यांना कधी दोरी ठाऊक नव्हती त्यांना तांड्यानं बांधलं. जुन्या साड्या, नाड्या, बैलांचे कासरे. कुत्र्यांनी जो आक्रोश मांडला तो पुसेगावपर्यंत ऐकू जात असेल. नायक रोज फोनवर तक्रार करायचे आणि रोज सांगायचे की एकही सोडलेलं नाही. "पोरं म्हन्तेत, नायक, कुत्रे सोडा न्हाईतर आमाला बांधा."

मी लांबून दुर्बीण लावून बसत असे. बोरीआडचा नर दिवस मावळायच्या सुमाराला तोंडात काहीतरी घेऊन यायचा आणि बिळातून कानच कान बाहेर यायचे. एक दिवस पिल्लं त्याच्या मागे मागे टेकाडापलीकडे गेली आणि मी नायकांना कळवलं.

पिल्लांची विष्ठा मी बिळापाशी गोळा केली होती. पावसाळ्याच्या तोंडावर अहवाल आला आणि मी तो घेऊन तांड्यावर गेले. काही पिल्लांत आईचे ते वेगळे प्रकार उतरले होते. काहींत नाही, त्यांच्यात या माळाचेच जुने. सकरीबाईनं ऐकून घेतलं. ती शेळीला पाला घालत होती.

"ज्यायच्यात मायचं आलं ते वाचतीन."

"या रोगातून, कदाचित."

"आन् ज्यायच्यात न्हाई आलं ते?"

"पुढचा रोग वेगळा असेल, याडी. त्यात कदाचित तीच वाचतील. आज सांगता येत नाही."

तिनं पाला खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले. "मंग सगळेच राहू द्या," ती म्हणाली, आणि वळून नातीवर ओरडली, "अगं धर त्या मोत्याला, माळाकडं निघालाय!"